अंगठ्याच्या बुडाचा संधिवात: ऑपरेशनच्या आधी आणि नंतर या चुका टाळा

पहिली चूक ऑपरेशनच्या आधीच होते. एक्स-रेमध्ये सांधा झिजलेला दिसला की घरचे घाबरून तारीख घेतात. पण एक्स-रे वाईट आणि दुखणं मामुली, असं पुष्कळदा असतं. स्प्लिंट (अंगठ्याला आधार देणारी पट्टी), गोळ्या, गरज पडली तर इंजेक्शन, कामाची पद्धत बदलणं हे आधी मनापासून करून बघा. तरीही किल्ली फिरवताना, कुकरचं झाकण लावताना रोज कळ येत असेल, तर ऑपरेशनचा विचार करा. रात्री बोटांना मुंग्या येत असतील तर तेही डॉक्टरांना सांगा. मनगटातली नस दबलेली असेल तर ती त्याच वेळी मोकळी करता येते.

ऑपरेशनमध्ये बहुतेकदा अंगठ्याच्या बुडाशी असलेलं ट्रॅपेझियम हे लहानसं हाड काढतात. काही सर्जन त्या जागी मनगटाजवळच्या स्नायूची दोरी, म्हणजे कंडरा, वळवून बसवतात. नुसतं हाड काढण्यापेक्षा त्याने ठळक जास्त फायदा होतो, असं तुलनात्मक अभ्यासांत दिसलेलं नाही. त्यामुळे महागडं तंत्र शोधत हिंडू नका. हाताचीच ऑपरेशनं नेहमी करणारा सर्जन शोधा.

खरा घोटाळा घरी आल्यावर होतो. हात झोळीत अडकवून बोटं जपत बसलात की सूज उतरत नाही आणि बोटं आखडतात. पहिले काही दिवस हात उशांवर, छातीपेक्षा उंच ठेवा. मोकळी बोटं दिवसातून अनेकदा पूर्ण उघडा-मिटा, कोपर आणि खांदाही हलवा. अंगठ्या-बांगड्या ऑपरेशनच्या आधीच उतरवा. सौभाग्याचं लेणं म्हणून नको वाटतं, हे समजतं; पण सुजलेल्या बोटातली अंगठी कापावी लागते.

प्लास्टर किंवा स्प्लिंट साधारण 4 ते 6 आठवडे असतं. ते निघालं की लगेच कणीक मळायला, कपडे पिळायला घेऊ नका. चिमटीच्या टोकाशी 1 किलोचा जोर लावला, तर अंगठ्याच्या बुडाशी त्याच्या दहा-बारा पट भार पडतो, आणि हाडाच्या जागी भरत आलेली ऊती तेव्हा कच्चीच असते. व्यायाम थेरपिस्टच्या देखरेखीखाली करा. अंगठा आधी तर्जनीच्या टोकाला लावायचा, मग एकेक बोट पुढे. अंगठ्याचा मधला सांधा किंचित वाकवून गोल 'ओ' झाला पाहिजे. तो सांधा मागे झुकत असेल तर लगेच दाखवा. करंगळीच्या बुडापर्यंत पोहोचायची घाई नको.

3 महिन्यांनी थोडं दुखतंय म्हणून ऑपरेशन फसलं असं समजू नका. चिमटीची ताकद यायला 6 महिने, कधी वर्षही लागतं. जखमेभोवती थोडी बधिरता बऱ्याच जणांना येते, हळूहळू कमी होते.

मात्र बोटं निळी-पांढरी पडली, प्लास्टर आवळल्यासारखं वाटलं, ताप किंवा पू आला, किंवा हात चमकदार सुजून सोसवेना इतकी आग होऊ लागली, तर पुढच्या तारखेची वाट पाहू नका. त्याच दिवशी फोन करा.