देशाची गंगाजळी कशी मोजायची: हरिपूरच्या पेवांवरून शिकलेला हिशेब

माझे वडील सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या एका अडत दुकानात दिवाणजी होते. हरिपूरच्या पेवांची, म्हणजे हळद साठवायच्या जमिनीखालच्या खड्ड्यांची, वही त्यांच्याकडे असायची. लहानपणी एकदा मी त्यांच्याबरोबर पेव उघडताना पाहायला गेले होते. तोंडावरची माती काढली, फरशी सरकवली आणि सगळे नुसते बसून राहिले. आत कोंडलेली हवा निघेपर्यंत कुणी उतरायचं नाही. बऱ्याच वेळाने दोरीला बांधून कंदील आत सोडला. तो तेवत राहिला, तेव्हा कुठे हमाल खाली उतरला. "वहीत पेव आहे म्हणजे हातात पैसा आहे असं धरायचं नाही," वडील म्हणाले.

2005 च्या पुरात कृष्णेचं पाणी पेवांत शिरलं. वहीत पोती तशीच होती, शेतकऱ्यांची देणीही तशीच होती, हळद मात्र कुजली. त्या आठवड्यात वडिलांनी वहीच्या मागच्या पानावर दोन रकाने आखले: आज हातात काय आहे आणि दिवाळीपर्यंत द्यायचं काय आहे. 'परकीय गंगाजळी (म्हणजे रिझर्व्ह बँकेकडचा परकीय चलनाचा साठा) विक्रमी पातळीवर' अशी बातमी आली की मी तेच दोन रकाने आखते. तुम्हालाही जमेल. एक वही आणि तासाभराचा वेळ पुरे.

डाव्या रकान्यापासून सुरुवात करा. रिझर्व्ह बँक दर शुक्रवारी साप्ताहिक सांख्यिकी पुरवणी काढते, त्यात आधीच्या शुक्रवारचा साठा असतो. आकडे रुपयांत आणि डॉलरमध्ये, दोन्ही दिलेले असतात. डॉलरचेच उतरवून घ्या, कारण रुपया घसरला की रुपयांतला साठा काहीही न करता फुगतो. एकूण आकडा चार भागांचा असतो: परकीय चलनातल्या मालमत्ता, सोनं, आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचे एसडीआर (नाणेनिधीने सभासद देशांना वाटलेलं हिशेबी चलन) आणि नाणेनिधीतला आपला राखीव हिस्सा. शेवटचे दोन लहान आहेत, त्यांत वेळ घालवू नका. सोनं मात्र वेगळ्या ओळीत लिहा. मार्च 2025 अखेर एकूण साठा 668.3 अब्ज डॉलर होता, त्यात सोनं साधारण 78 अब्जांचं. सोन्याचा भाव चढला किंवा साठ्यातला युरो महागला तरी एकूण आकडा वाढतो, देशात नवा डॉलर आलेला नसताना. म्हणून एका आठवड्याच्या चढउतारावरून काही ठरवू नका.

खरी मेहनत उजव्या रकान्यात आहे. परकीय कर्जाचा तक्ता दर तिमाहीचा निघतो आणि त्यात अल्पमुदतीचं कर्ज दोन तऱ्हांनी मोजलेलं असतं. मूळ मुदतीनुसार म्हणजे घेतानाच वर्षभराच्या आतलं. राहिलेल्या मुदतीनुसार म्हणजे त्यात दहा वर्षांपूर्वी घेतलेलं पण येत्या बारा महिन्यांत फेडायचं कर्जही धरलेलं. मार्च 2025 अखेर पहिल्या मापाने हे कर्ज साठ्याच्या 20.1 टक्के होतं, दुसऱ्या मापाने 45.4 टक्के. बातमीत बहुतेक वेळा पहिला आकडा येतो. तुम्ही दुसरा घ्या. सावकार दारात येतो तेव्हा कर्ज किती वर्षांपूर्वी घेतलं होतं हे विचारत नाही, हप्त्याची तारीख बघतो. साठा निदान वर्षभरात फेडायच्या परकीय कर्जाएवढा असावा, हा नियम अर्जेंटिनाचे पाब्लो गिडोट्टी आणि अमेरिकेचे ॲलन ग्रीनस्पॅन यांच्या नावाने ओळखला जातो आणि त्यातही हीच राहिलेली मुदत धरतात.

साठा किती महिन्यांच्या आयातीला पुरेल, हेही माप आहे. ते तेलाच्या बिलापुरतं ठीक, कर्जवाल्यांबद्दल ते काहीच सांगत नाही.

आता वहीत न दिसणारी देणी. 1997 मध्ये थायलंडच्या मध्यवर्ती बँकेकडे साठा भरपूर दिसत होता, पण बाट हे आपलं चलन सावरण्यासाठी तिने 23 अब्जांहून जास्त डॉलर वायद्यात, म्हणजे पुढच्या तारखेला द्यायच्या बोलीवर, आधीच विकले होते. 2 जुलैला बाटचा भाव बाजारावर सोडून द्यावा लागला. त्याच वर्षी दक्षिण कोरियाने साठ्यातले बरेच डॉलर आपल्याच बँकांच्या परदेशी शाखांत ठेवले होते. त्या शाखांनी ते आपली कर्जं भागवायला वापरले आणि परत मागायची सोय उरली नाही. हे वाचताना मला पुरानंतरची वडिलांची वही डोळ्यांसमोर येते.

म्हणून रिझर्व्ह बँकेच्या मासिक बुलेटिनमधला डॉलर खरेदी-विक्रीचा तक्ता काढा आणि वायद्यातली निव्वळ विक्री पाहा. मार्च 2025 अखेर ती 80 अब्ज डॉलरच्या वर होती. मग वजाबाकी करा. 668 मधून वर्षभरातलं कर्ज सुमारे 303 आणि वायदे 84 काढले की 280 च्या आसपास उरतात. सोनं बाजूला ठेवलं तर 200 च्या थोडं वर. ही वजाबाकी कडक आहे, हे मला मान्य आहे. अनिवासी भारतीयांच्या ठेवी याच कर्जात मोजल्या जातात आणि त्यांतल्या पुष्कळशा मुदत संपल्यावर पुन्हा ठेवल्या जातात. काही वायदेही वर्षापलीकडचे असतात. पण पूर विचारून येत नाही, तेव्हा मी कडकच धरते. एवढं वजा करूनही शिल्लक उरते, हे मला खरोखर दिलासा देतं.

कारण मार्च 1991 अखेर मूळ मुदतीचं सौम्य माप लावूनही अल्पमुदतीचं कर्ज साठ्याच्या 146.5 टक्के होतं. त्या जुलैत 47 टन सोनं गहाण म्हणून परदेशी पाठवावं लागलं. मार्च 2025 अखेर रिझर्व्ह बँकेच्या 879 टन सोन्यापैकी 500 हून अधिक टन देशातच होतं. ती ओळही वहीत असू द्या.

शेअर बाजारातला परदेशी पैसा कर्ज नाही, तरी तो उठून जाऊ शकतो. त्याची नोंद पानाच्या तळाशी करा, वजाबाकीत घेऊ नका.

दर तिमाहीला एक पान ठेवा. कर्जाचा तक्ता तीनेक महिने उशिरा येतो, म्हणून साठ्याचा आकडाही त्याच तिमाहीच्या शेवटच्या तारखेचा घ्या, या शुक्रवारचा नको. मार्चअखेरचं कर्ज जूनच्या शेवटी कळतं, तोवर उजवा रकाना कोरा ठेवा.