गोल्फपटूंची कमाई : संख्याशास्त्राचा प्रोजेक्ट निवडणाऱ्यांसाठी

संख्याशास्त्राच्या प्रोजेक्टला खेळातला विषय हवा असेल, तर अमेरिकेतल्या पीजीए टूर या व्यावसायिक स्पर्धामालिकेतल्या गोल्फपटूंची कमाई जरूर घ्या. एमएस्सीला मी हाच विषय घेतला होता. कोणत्या कौशल्याला किती पैसा मिळतो, हा प्रश्न सोपा वाटतो, पण रिग्रेशन शिकवणारं इतकं चांगलं उदाहरण मला दुसरं भेटलं नाही.

आधी बक्षिसं कशी वाटतात ते समजून घ्या. विजेत्याला एकूण रकमेच्या साधारण १८ टक्के मिळतात, दुसऱ्याला ११ टक्क्यांच्या आसपास. बहुतेक स्पर्धांत दोन दिवसांनंतर ‘कट’ लागतो. त्यात बाहेर पडलेल्याला सहसा काहीच मिळत नाही. खेळात फरक एखाद्या फटक्याचा, पैशात मात्र लाखो डॉलरचा. म्हणून मॉडेलमध्ये थेट कमाई घेऊ नका, तिचा लॉग घ्या.

सगळ्यात फसवा आकडा म्हणजे फेरीमागचे पट (putt), म्हणजे होलभोवतीच्या गुळगुळीत हिरवळीवर, ‘ग्रीन’वर, चेंडू होलकडे घरंगळवायचे फटके. पार-४च्या, म्हणजे चार फटके अपेक्षित असलेल्या होलवर एकाचा दुसरा फटका ग्रीनच्या बाहेर गेला, त्याने चिप करून, म्हणजे हलका छोटा फटका उचलून, चेंडू होलजवळ आणला आणि एका पटमध्ये घातला. दुसरा दोन फटक्यांत ग्रीनवर पोचला, पण तीस फुटांवर, म्हणून दोन पट लागले. दोघांचा स्कोअर चारच. आकडेवारीत मात्र पहिला पटिंगमध्ये सरस दिसतो!

यावर उत्तर आहे ‘स्ट्रोक्स गेन्ड’. कोलंबिया विद्यापीठाचे मार्क ब्रॉडी यांनी ही पद्धत विकसित केली आणि २०११पासून टूर पटिंगसाठी ती वापरते. आठ फुटांवरून व्यावसायिक खेळाडूचे निम्मे पट जातात, म्हणजे तिथून सरासरी दीड फटका लागतो. एकात घातला तर अर्धा फटका कमावला, दोन लागले तर अर्धा गमावला. असं मोजल्यावर ब्रॉडींना दिसलं, की अव्वल खेळाडूंच्या आघाडीत ग्रीनकडे मारलेल्या अप्रोच फटक्यांचा वाटा सुमारे ४० टक्के आहे, पटिंगचा जेमतेम १५. स्कॉटी शेफलरचंच बघा : २०२२-२३च्या हंगामात पटिंगमध्ये तो १६२वा होता, अप्रोचमध्ये पहिला, आणि कमाई २.१ कोटी डॉलर.

ड्राइव्हचं, म्हणजे होलच्या सुरुवातीच्या लांब फटक्याचं, अंतर आणि अचूकता यांत उलटा संबंध असतो; लांब मारणाऱ्यांचे चेंडू फेअरवेबाहेर, म्हणजे कापलेल्या गवताच्या मधल्या पट्ट्याबाहेर, जास्त जातात. त्यामुळे एकट्या अचूकतेचा कमाईशी संबंध पाहून निष्कर्ष काढू नका, दोन्ही चलं एकत्र ठेवा. आणि खेळाडू वर्षात कमी-जास्त स्पर्धा खेळतात, तेव्हा वार्षिक कमाईपेक्षा प्रत्येक स्पर्धेमागची कमाई घेतलेली बरी.