रिसर्च पेपरमध्ये आपलं नाव कुठे येणार, हे पहिल्याच महिन्यात विचारा

पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी मी डाळिंबाच्या तेल्या रोगावर काम करत होतो, म्हणजे सांगोला, मंगळवेढा, पंढरपूर असं एसटीनं फिरायचं, बागांतनं डागाळलेली पानं-फळं गोळा करायची, थर्माकोलच्या डब्यात बर्फावर ठेवून संध्याकाळच्या आत लॅबला आणायची आणि मग रात्री उशिरापर्यंत जंतू वाढवायच्या प्लेटा लावत बसायचं. चौदा महिने हेच. पेपर आला तेव्हा माझं नाव शेवटी आभारात, "सॅम्पल गोळा करण्यास मदत". लॅब कुठली ते इथं सांगत नाही. पण तेव्हा मला एवढंपण माहीत नव्हतं की हे विचारायचं कुणाला आणि कशाच्या जोरावर, आणि सोलापुरात आज पीएचडी करणाऱ्या कुणावर ही वेळ येऊ नये असं मनापासून वाटतं म्हणून लिहितोय.

आधी नियम काय आहे ते बघा. मेडिकल जर्नलांच्या संपादकांची आयसीएमजेई म्हणून समिती आहे, तिचे चार निकष आता इतर विषयांतपण धरतात: कामाची आखणी किंवा डेटा गोळा करणं किंवा विश्लेषण यात भरीव वाटा, पेपर लिहिण्यात किंवा नीट सुधारण्यात भाग, शेवटच्या ड्राफ्टला मंजुरी, आणि कामाची जबाबदारी घ्यायची तयारी. चारही लागतात. आता इथंच पोरं फसतात, कारण गाइड म्हणतात "तू लिहिलं कुठं, तू तर फक्त डेटा आणला". पण त्याच नियमात पुढं लिहिलंय की पहिला निकष जो पूर्ण करतो त्याला लिहिण्यात, तपासण्यात आणि मंजुरीत भाग घ्यायची संधी दिली पाहिजे. म्हणजे ड्राफ्ट तुम्हाला दाखवलाच नाही आणि मग लिहिलं नाही म्हणून नाव काढलं, हे नियमात बसत नाही. हे वाक्य पाठ करून ठेवा.

आपल्याकडचं दुसरं उदाहरण. सोलापूरच्या पूर्व भागात विडी कामगार बायकांचा सर्व्हे असतो, प्रश्नावली मराठीत, बायका बोलतात तेलुगू, मग एखादी तेलुगू येणारी एमएची पोरगी घरोघर जाते, प्रश्न तिथल्या तिथं तेलुगूत फिरवून विचारते, उत्तराचा अर्थ लावून लिहिते. तिचं काम नुसतं टायपिंग आहे का? माझ्या मते प्रश्न बदलणं आणि उत्तराचा अर्थ लावणं हा त्या अभ्यासाचा गाभा आहे, तिला ड्राफ्टवर बसवलंच पाहिजे.

बरं, करायचं काय. काम सुरू झालं की पहिल्या महिन्यात तोंडी विषय काढा आणि त्याच रात्री मेल टाका. भांडणाचा सूर नको, साधा असा: "सर, आज बोलल्याप्रमाणे सॅम्पलिंग आणि आयसोलेशन मी करतोय, स्टॅटिस्टिक्स मॅडम बघणार, पहिला ड्राफ्ट मी लिहिणार. ऑथरचा क्रम सध्या मी, मॅडम, तुम्ही कॉरस्पॉन्डिंग असा धरलाय. काम बदललं तर परत बोलू, काही चुकलं असेल तर सांगा." (आयसोलेशन म्हणजे सॅम्पलातून जंतू वेगळा काढणं, कॉरस्पॉन्डिंग म्हणजे जर्नलशी पत्रव्यवहार करणारा ऑथर.) उत्तर नाही आलं तरी तारखेसकट मेल राहतो. आणि काम खरंच बदलतं, सॅम्पल डीएनए वाचायला, म्हणजे सिक्वेन्सिंगला, पुण्याला गेले की तिथले दोघं-तिघं यादीत येतात, तेव्हा क्रम परत लिहून सगळ्यांना पाठवा.

लॅब नोटबुकला रोज तारीख. ड्राफ्ट गूगल डॉकवर ठेवा, कोणी काय लिहिलं ते व्हर्जन हिस्टरीत दिसतं.

क्रमावर एवढा जोर का देतोय? यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोग) २०१८ च्या प्राध्यापक नेमणुकीच्या नियमावलीत रिसर्च स्कोअर, म्हणजे पेपरांचे गुण, असा मोजतात की दोनच ऑथर असतील तर दोघांना ७०-७० टक्के, पण दोनाच्या वर गेले की पहिल्या किंवा कॉरस्पॉन्डिंग ऑथरला ७० आणि बाकी प्रत्येकाला ३०. सायन्सच्या पेपरला मूळ ८ गुण धरले तर एकाला ५.६ आणि दुसऱ्याला २.४. पुढं असोसिएट प्रोफेसर किंवा प्रोफेसरच्या जागेला अर्ज करणाऱ्याला हा फरक फार मोठा असतो.

काहीच न करणाऱ्या मोठ्या माणसाचं नाव घुसतं तेव्हा समोरासमोर नाही म्हणणं अवघड जातं, मला माहितीय. नुसता फंड आणला किंवा विभाग सांभाळला म्हणून ऑथर होत नाही हे आयसीएमजेईनं स्पष्ट लिहिलंय, पण ते तोंडावर कोण म्हणणार. त्याला एक चांगला उपाय म्हणजे क्रेडिट नावाची चौदा रोलची यादी, म्हणजे पेपरात कुणी कुठलं काम केलं त्याची, बरीच जर्नल सबमिशनला (पेपर पाठवताना) ती मागतात. ती सगळ्यांना पाठवायची आणि विचारायचं, "तुमच्या नावापुढं कुठला रोल लिहू?" पुष्कळदा तिथंच विषय मार्गी लागतो. आपले रोलपण तिथं पूर्ण भरा, डेटा क्युरेशन (डेटा नीट लावून ठेवणं) केलं असेल तर तेही, लाजू नका.

जे काय बोलायचं ते सबमिशनच्या आधी. नंतर नाव घालायचं-काढायचं तर जर्नल सगळ्या ऑथरांची संमती मागतं. नाव गाळूनच पेपर गेला असेल तर आधी गाइडला लेखी, मग रिसर्च ॲडव्हायझरी कमिटी (तुमच्या पीएचडीवर देखरेख करणारी समिती), मग विभागप्रमुख. छापून आला असेल तर पुराव्यासकट संपादकाला मेल करा, संपादक स्वतः निवाडा देत नाही, बहुतेक वेळा संस्थेकडं चौकशीला पाठवतो, म्हणून संस्थेत लेखी अर्ज आधीच केलेला असावा. तुमचा मजकूर किंवा डेटा जसाच्या तसा उचललाय तर मात्र तो वाङ्मयचौर्याचा विषय, त्यासाठी २०१८ च्याच यूजीसी नियमाप्रमाणे विभागात आणि संस्थेत समिती असते, तिथं जा. एकट्यानं जाऊ नका, मेलच्या प्रिंट आणि नोटबुक घेऊन एखादा सीनियर सोबत घ्या.

ऑर्किड आयडी, म्हणजे संशोधकाचा स्वतःचा वेगळा नंबर, फुकट मिळतो, आजच काढा, एकाच आडनावाचे दहा जण असले तरी पेपर तुमच्याच खात्यावर दिसतात.

आणि तुमच्या हाताखाली ज्युनियर असेल तर हे सगळं त्यानं विचारायची वाट बघू नका. ज्यांच्या बागेत फिरलात त्या शेतकऱ्यांचं नाव आभारात घालायचं तर आधी त्यांना विचारून लेखी संमती घ्या, आणि पेपर आला की पीडीएफसोबत चार ओळी मराठीत व्हॉट्सॲपवर पाठवा, त्यांच्या बागेतल्या सॅम्पलात काय सापडलं ते.