अपडेट 35 टक्क्यांवर अटकत होतं, असं सुटलं

तीन दिवस धरमपेठेतल्या रूमवर हेच, विंडोजचं अपडेट 35 टक्क्यांपर्यंत जायचं, मग रिस्टार्ट आणि सगळं परत मागे, मी कूलरसमोर बसून ते गोल फिरणारं बघून राहिलो होतो. एरर कोड नीट वाचला तर शेवटी 0070, म्हणजे सी ड्राइव्हमध्ये जागाच नाही! ताईच्या लग्नाचे व्हिडिओ होते, ते बाहेरून जोडायच्या हार्डडिस्कवर टाकले, डिस्क क्लीनअपमध्ये (विंडोजचंच जागा साफ करायचं टूल) सिस्टिम फाइल्सवालं बटण दाबलं (हे विसरू नका, खरी जागा तिथंच सुटते), मग सर्व्हिसेसमधून (मागे चालणाऱ्या प्रोग्रामांची यादी) विंडोज अपडेट थांबवून, सी ड्राइव्हच्या विंडोज फोल्डरातल्या सॉफ्टवेअर डिस्ट्रिब्यूशनमधलं डाउनलोड फोल्डर (उतरवलेल्या अपडेटच्या फाइल्स इथं असतात) रिकामं केलं, फक्त आतलं बरं का, अन् सर्व्हिस परत चालू. रात्री चार्जर लावूनच ठेवलं. सकाळी अपडेट झालेलं होतं.