टॉय कॅमेरा वापरताय? या चुका टाळा

माझ्या होल्गाचा, म्हणजे प्लॅस्टिकच्या साध्या फिल्म कॅमेऱ्याचा, पहिला रोल दिवाळी पहाटेला वाया गेला. ठाण्याच्या तलावपाळीवर सकाळी सहाला पाय ठेवायला जागा नव्हती, ढोल-ताशे सुरू होते, आणि मी १०० आयएसओची, म्हणजे भरपूर उजेड मागणारी फिल्म घालून बारा फोटो खटाखट संपवले. रोल धुऊन आला तो काचेसारखा पारदर्शक. लॅबवाल्याला बोल लावणार, तेवढ्यात त्याने निगेटिव्हची कड दाखवली. कंपनीचं नाव आणि आकडे तिथे स्वच्छ उमटले होते. म्हणजे धुलाई ठीक होती, फिल्मपर्यंत पुरेसा उजेडच पोचला नव्हता. कडेचे आकडेही गायब असते, तर धुलाईत गडबड. तेव्हापासून कोरा रोल हातात पडला की मी आधी कड बघतो, भांडण नंतर.

होल्गाचं शटर साधारण १/१०० सेकंदाचं आणि अ‍ॅपर्चर, म्हणजे उजेड आत घेणारं लेन्सचं भोक, एफ/१३ च्या आसपास. सूर्य-ढगाचा खटका दिलाय खरा, पण जुन्या होल्गांमध्ये तो इकडे करा की तिकडे, अ‍ॅपर्चर तेवढंच राहतं. म्हणून कमी उजेडात भागवणारी ४०० आयएसओची फिल्म घाला आणि ऊन नीट वर येऊ द्या. भर उन्हात उजेड थोडा जास्त होईल, पण निगेटिव्ह फिल्म तो पचवते. स्लाइड फिल्मला (जिच्यावर थेट सुलटं चित्र येतं) एवढी सवलत नाही, तिच्या वाटेला जाऊ नका.

‘टॉय कॅमेरा आहे, असंच येणार’ ही मात्र पळवाट आहे. काळवंडलेले कोपरे आणि कडेची धूसरता हे प्लॅस्टिकच्या लेन्सचं देणं. बाकीची बरीचशी करणी आपलीच असते. सगळेच फोटो हलले असतील तर लेन्सखालचा खटका बघा. तो ‘एन’वरून (नॉर्मल) सरकून ‘बी’वर (बल्ब) गेला, की बटण दाबून धराल तितका वेळ शटर उघडं राहतं. एका फोटोवर दुसरा चढला असेल, तर फिल्म पुढे सरकवणारी चावी फिरवायची राहिली. होल्गात शटर आणि चावीचा एकमेकांशी संबंध नाही, एकाच जागी दहा वेळा दाबा, तो नाही म्हणणार नाही. आणि प्रत्येक फोटो शेजारच्यात थोडा थोडा घुसला असेल, तर आतली चौकट रोलमागे १२ फोटोंची बसवून मागच्या लाल खिडकीचा बाण १६ वर ठेवलाय. लेन्सवरचं झाकण काढायला मी स्वतः किती वेळा विसरलोय ते सांगत नाही. व्ह्यूफाइंडरमधून सगळं छान दिसत राहतं, तीच तर पंचाईत.

रोलच्या दोन्ही कडांना उजेडाचे पट्टे आले, तर फिल्म स्पूलवर सैल गुंडाळली गेलीय. नव्या रोलच्या स्पूलखाली पुठ्ठ्याची छोटी घडी सरकवा, ताण बसतो. बाजूच्या पत्र्याच्या क्लिपांवर विश्वास टाकू नका. जांभळी नाक्यावरच्या गर्दीत माझी एक निसटली, मागचं झाकण हातात आलं आणि सहा फोटो गेले. रोल घालून झाला की काळी चिकटपट्टी लावायचीच.

३५ एमएमवाल्यांसाठी एकच गोष्ट. चावी फिरवताना डावीकडची रिवाइंडची कळ फिरतेय ना, ते बघा. ती जागची हलत नसेल तर फिल्म आतल्या स्पूलला अडकलेलीच नाही. हाफ-फ्रेमवर (एका फोटोच्या जागेत दोन काढणारा कॅमेरा) ७२ फोटो काढल्यावर हे कळलं तर रडू येतं.

आपल्याकडचा पावसाळा आणखी निराळा. फिल्म फ्रिजमध्ये ठेवणं चांगलं, पण बाहेर काढल्याबरोबर पाकीट फोडलंत तर तिच्यावर पाणी धरतं. दोन-तीन तास तशीच राहू द्या. कॅमेरे घट्ट डब्यात, सिलिका जेलसोबत. उन्हात उभ्या स्कूटरच्या डिकीत रोल तर मुळीच नको.

जुने कॅमेरे जमवायचे असतील तर दिसण्यावर भाळू नका, कोणती फिल्म लागते ते आधी विचारा. होल्गाला लागणारी १२० नंबरची फिल्म आजही मिळते. ६२० ची फिल्म तीच, पण स्पूल बारीक, म्हणजे अंधारात उलगडून गुंडाळत बसा. १२७ चा कॅमेरा कपाटाच्या शोभेचा समजूनच घ्या. आपल्या मागच्या पिढीच्या घरात हमखास असायचा तो आग्फा क्लिक थ्री १२० वरच चालतो, त्यामुळे आत्याच्या माळ्यावर सापडला तर सोडू नका. ‘चालू आहे’ असं विक्रेता म्हणतोच. आपण मागचं झाकण उघडून कॅमेरा ट्यूबलाइटकडे धरायचा आणि बटण दाबायचं. आतून उजेडाचं गोल टिपकं लुकलुकलं तर पैसे काढा. अडकलेल्या शटरवर तेलाचा फवारा मारू नका, ते लेन्सवर पसरतं.

एक राहिलंच. नवी मुंबईत सीवूड्सच्या फ्लेमिंगोंसाठी होल्गा नेऊ नका. माझ्याकडे तसा एक फोटो आहे. घरी सगळे विचारतात, हे गुलाबी डाग कसले, उजेड आत गेला का?