त्रिनिदादला राहायला येताय? देवळं, सण, झेंडी आणि तोंडावरचा ताबा

दर दोन-चार महिन्यांनी कुणाचा तरी फोन येतो. पॉइंट लिसासच्या प्लांटवर नोकरी लागलीय, नाहीतर सेंट ऑगस्टीनच्या विद्यापीठात. तूरडाळ मिळते का, कुकर आणू का, शाळा कशा आहेत? तूरडाळ मिळते. कुकर आणा. कोथिंबिरीऐवजी शॅडो बेनी वापरायला शिका. वास उग्र असतो, निम्मीच घाला. वीज 115 व्होल्टची आहे, तेव्हा मिक्सर तिकडेच कुणाला तरी देऊन टाका. लष्करी ठिपक्यांचा एकही कपडा बॅगेत नको, पोरांची टोपीसुद्धा नको. इथे तो कायद्याने बंद आहे. झालं. खरं विचारायला हवं ते मात्र कुणीच विचारत नाही, आणि आपली माणसं नेमकी तिथे आपटतात.

आपण थेट भारतातून आलोय, म्हणजे इथल्या हिंदूंपेक्षा आपल्याला धर्म जास्त कळतो, हा समज. तो घेऊन येऊ नका.

एका ओळखीच्या गृहस्थांचं सांगते. चगुआनास शहराजवळ छान घर भाड्याने मिळालं होतं. शेजाऱ्यांनी आल्या-आल्या रामायण यज्ञाला बोलावलं. मंडप, लाउडस्पीकर, हार्मोनियम, पंडितजी तुलसीदासांच्या चौपाया गाताहेत आणि मधेमधे इंग्रजीत समजावताहेत. यांना उच्चार ऐकून हसू आलं. तेवढ्यावर थांबले असते तरी निभावलं असतं. जेवताना चारचौघांत त्यांनी पंडितजींना उच्चार दुरुस्त करून दाखवले आणि वर “आमच्याकडे असं नसतं” हेही सांगितलं. कुणी एक शब्द बोललं नाही. उलट त्यांना भाजी पुन्हा वाढली. पण त्यानंतर त्या गल्लीतून दिवाळीचं बोलावणं आलं नाही, पुराचं पाणी दारात आलं तेव्हा कुणी दार वाजवलं नाही, आणि वर्ष संपल्यावर घरमालकाने करार पुढे केला नाही. मालक त्या यजमानांचा मावसभाऊ होता. चगुआनासमध्ये कुणी ना कुणी कुणाचा मावसभाऊ असतोच. कुटुंबाला दूर, जास्त भाड्याच्या घरात जावं लागलं, पोरांच्या शाळा बदलल्या. हा प्रकार मी नंतरही पाहिलाय, वेगवेगळ्या माणसांकडून, त्याच वाक्याने: “आमच्याकडे असं नसतं.” नसेल. इथे असतं.

आणि ते कसं टिकलं हे माहीत करून घ्या. 30 मे 1845 ला ‘फतेल रझाक’ हे जहाज सव्वादोनशे माणसं घेऊन इथे लागलं. 1917 पर्यंत गिरमिटावर, म्हणजे मजुरीच्या करारावर, 1 लाख 40 हजारांहून जास्त लोक उसाच्या मळ्यांवर आले, बहुतेक भोजपुरी मुलखातले, काही मद्रासकडून. आपल्याकडचे फार कमी, तेव्हा गावकरी शोधत बसू नका. हिंदू पद्धतीने लागलेलं लग्न इथल्या कायद्याला 1945 पर्यंत मान्य नव्हतं. वेगळी सरकारी नोंद नसेल तर मुलं कागदावर अनौरस. देशाचा सर्वोच्च सन्मान अगदी आत्ता-आत्तापर्यंत ‘ट्रिनिटी क्रॉस’ होता. हे नाव आणि चिन्ह हिंदू-मुसलमानांवर अन्याय करणारं आहे असं न्यायालयाने 2006 मध्ये म्हटलं, आणि 2008 पासून नवा सन्मान आला.

एवढ्यावर पटत नसेल तर पहिल्याच रविवारी इथल्या वॉटरलू गावाला जा. सिवदास साधू नावाचा मळ्यावरचा मजूर. त्याने 1947 मध्ये किनाऱ्याजवळच्या जमिनीवर देऊळ बांधलं. जमीन साखर कंपनीची. 1952 मध्ये देऊळ पाडलं गेलं आणि साधूला चौदा दिवस तुरुंगात टाकलं. जमिनीवर बंदी ना, मग हा गडी समुद्रात शिरला. सायकलवरून दगड, माती, सिमेंट वाहून पारियाच्या आखातात भराव घालत गेला, वर्षानुवर्षं, जवळजवळ एकट्याने. लोक त्याला वेडा म्हणत. आज दिसतं ते देऊळ नव्वदच्या दशकात पुन्हा उभारलेलं आहे, पाण्यातून जाणारा रस्ता आहे, आणि काठावर साधूचा पुतळा. शेजारीच स्मशान आहे, उघड्यावर चिता जळतात. तिथे फोटो काढू नका. तिथून जवळच, कारापिचायमात, 85 फुटी हनुमान आहे, दत्तात्रेय योग केंद्राच्या आवारात. नरसोबाची वाडी, गाणगापूर करणाऱ्या घरातल्या माणसाला पाटीवर दत्ताचं नाव बघून बरं वाटतं. बांधणी मात्र पूर्ण दाक्षिणात्य. म्हैसूरच्या गणपती सच्चिदानंद स्वामींच्या आश्रमाचं ते स्थान आहे.

भाड्याच्या घराच्या अंगणात एका कोपऱ्यात बांबू आणि त्याला रंगीत फडकी दिसतील. त्या झेंड्या. पूजा झाली की रोवतात, लाल हनुमानाची, बाकी रंग बाकीच्या देवांचे. ऊनपावसाने फाटून चिंध्या झाल्या तरी मालकाला विचारल्याशिवाय हात लावायचा नाही. “अंगण स्वच्छ केलं” म्हणून आनंदाने सांगायला गेलेली एक मुलगी रडत परत आली होती.

आडनावांवरून काही ठरवू नका. महाराज हे इथे साधं आडनाव आहे, त्यापुढे हात जोडायची गरज नाही. रामलोगन, रामसरन अशा नावाचा माणूस रविवारी चर्चला जाणारा प्रेस्बिटेरियन असू शकतो, कारण 1868 पासून जॉन मॉर्टन आणि त्यांच्या कॅनडातल्या मिशनने भारतीय मजुरांच्या मुलांसाठी शाळा काढल्या आणि शिक्षणाबरोबर धर्मही दिला. हिंदूंच्या स्वतःच्या शाळा मोठ्या प्रमाणावर निघाल्या त्या 1952 नंतर, भदासे सगन महाराजांच्या सनातन धर्म महासभेमुळे. जात विचारणं तर सोडाच. 2011 च्या जनगणनेत भारतीय वंशाचे 35.4 टक्के आणि हिंदू 18.2 टक्के. म्हणजे भारतीय दिसणारा प्रत्येक जण हिंदू नाही, आणि प्रत्येकाला भारताची ओढ आहे असंही नाही. ‘कुली’ हा शब्द गमतीतही नको. आफ्रिकन वंशाच्या लोकांबद्दल आपली मंडळी दिवाणखान्यात जे बोलतात ते इथे रस्त्यावर नव्हे, घरातही बोलू नका. पोरं ऐकतात आणि शाळेत म्हणून दाखवतात.

सिपारियाबद्दल मी जरा जास्त लिहिणार आहे, कारण मला ती या देशातली सगळ्यात आवडती जागा वाटते. दक्षिणेत सिपारिया नावाचं गाव, तिथे कॅथलिक चर्च, आत काळसर मूर्ती. कॅथलिकांची ती ला दिविना पास्तोरा, म्हणजे मेंढरं राखणारी मारियामाता. हिंदूंची ती सिपारिया माई. पवित्र गुरुवारी आणि गुड फ्रायडेला हिंदू लोक तिच्या दर्शनाला रांगा लावतात, तांदूळ, तेल, कधी सोन्याचा दागिना वाहतात, आणि लहान मुलांचं जावळ तिथेच काढतात. न्हावी खुर्च्या मांडून बसलेले असतात. बाहेर भिकारी, फुलंवाले, खाऊच्या गाड्या. जेजुरीला गेलेल्या माणसाला काही वेगळं वाटणार नाही. चर्चने हे कधी पोटातून स्वीकारलं, कधी नाक मुरडलं, पण दार बंद केलं नाही. कॅथलिकांची स्वतःची जत्रा ईस्टरनंतर होते, तेव्हा मूर्तीची मिरवणूक निघते. माझ्या मुलीचं जावळ तिथे काढलं. सासूबाईंना फोनवर सांगितलं तेव्हा पलीकडे बराच वेळ शांतता होती, मग विचारलं, “देवीच आहे ना?” मी हो म्हटलं. जायचं असेल तर पहाटे निघा, नऊनंतर गाडी लावायला जागा मिळत नाही.

होसे म्हणजे मोहरम. पोर्ट ऑफ स्पेनच्या सेंट जेम्समध्ये आणि दक्षिणेला सेड्रोसमध्ये ताजिये निघतात, कागद-बांबूचे, रात्री जागून केलेले. हिंदू आणि आफ्रिकन हातही त्यात असतात. तिथले ढोल ऐकून पुण्याची माणसं हमखास नाचायला लागतात. नाचू नका. तो शोकाचा दिवस आहे, आणि 1884 च्या ऑक्टोबरमध्ये सॅन फर्नांडोजवळ याच मिरवणुकीवर पोलिसांनी गोळीबार करून माणसं मारली होती. नाचायची हौस लग्नात भागवा. तिथे तासा वाजतो तो ऐकाच: गळ्यात अडकवलेले दोन ताशे, एक मोठा ढोल, झांज. वाजवणारी पोरं सरावात आपल्या ढोलपथकांच्या तोडीची.

लग्नाचं बोलावणं आलं तर एका दिवसाचं समजू नका. शुक्रवारी रात्री मटकोर, बायकांचा कारभार, गाणी चावट. शनिवारी स्वयंपाकाची रात्र. त्या रात्री गेलात, कांदा सोलायला बसलात, तर तुम्ही घरचे. रविवारी लग्न आणि सोहारीच्या मोठ्या पानावर शाकाहारी जेवण: बस-अप-शट (म्हणजे चिंध्यांसारखा मोडलेला पराठा), भोपळा, चना-आलू, आंब्याची करी. चमचा मागू नका.

मयत झालं तर न बोलावता जायचं. अमेरिका-कॅनडातले नातेवाईक पोचेपर्यंत चार-पाच दिवस जातात, आणि त्या प्रत्येक रात्री अंगणात माणसं जमतात, भजनं होतात, कॉफी-बिस्किटं फिरतात, कोपऱ्यात पत्ते चालतात. आपल्याला ते विचित्र वाटतं. मला विचाराल तर आपल्या बंद दाराच्या दुःखापेक्षा बरं.

दिवाळी एकच दिवस असते आणि 1966 पासून सार्वजनिक सुट्टी. आधी कित्येक दिवस लोक मांस-दारू सोडतात, त्याला ते उपास म्हणतात. त्या काळात कुणाला चिकन घेऊन जाऊ नका. बांबू वाकवून कमानी करतात आणि त्यावर मातीच्या पणत्या, शेकड्यांनी. चगुआनासच्या दिवाळी नगरात आधीचे आठ-दहा दिवस जत्रा असते, ती एकदा बघा, पण खरी दिवाळी फेलिसिटीसारख्या वस्तीतून पायी फिरताना दिसते. कुर्मा, म्हणजे आपले शंकरपाळेच पण लांबट आणि आल्याच्या पाकातले, पिशव्या भरून येतात. बदल्यात चिवडा-चकल्या द्या, उडतात. फेलिसिटीच्याच मैदानातली रामलीलेपासून कवी डेरेक वॉलकॉटने 1992 च्या नोबेल भाषणाची सुरुवात केली होती. आपले लोक मात्र ती “अगदीच गावठी” म्हणून बघायला जात नाहीत. फगवा म्हणजे होळी. पांढरे कपडे, अबीर, चौताल म्हणजे होळीची गाणी. जा.

कार्निव्हलबद्दल आपल्या मंडळींचं एक ठरलेलं नाटक आहे. शी शी म्हणायचं, आणि मोबाइलवर सगळे व्हिडिओ असायचे. ॲश वेन्सडे, म्हणजे ईस्टरआधीच्या उपासाचा पहिला दिवस, त्याच्या आधीचा सोमवार-मंगळवार. सरकारी सुट्टी नसते पण देश बंद असतो, त्या आठवड्यात डॉक्टर-प्लंबर काही ठरवू नका. त्यामागे गुलामगिरीतून सुटलेल्यांची कॅनबुले मशाल-मिरवणूक आहे, 1881 मध्ये तिच्यावरून पोलिसांशी दंगल झाली होती. ढोलांवर बंदी आली तर लोकांनी बांबू आपटले, पुढे बिस्किटांचे डबे, मग तेलाची पिंपं. त्यातून स्टीलपॅन हे वाद्य झालं. पॅनोरमा ही स्टीलपॅनची स्पर्धा ऐकायला पैसे भरा. पण त्याआधी एखाद्या पॅनयार्डात, म्हणजे पथकाच्या सरावाच्या आवारात, संध्याकाळी फुकट सराव ऐका, ते जास्त चांगलं. पोशाख घालून नाचायचं असेल तर एखाद्या बँडमध्ये नाव महिनोन् महिने आधी नोंदवावं लागतं आणि खर्च जबर.

एखाद्या चौकात डोक्याला फडकं बांधलेल्या बायका घंटा वाजवत प्रवचन करताना दिसल्या तर त्या स्पिरिच्युअल बाप्टिस्ट, आफ्रिकन वळणाच्या ख्रिस्ती पंथाच्या. 1917 ते 1951 त्यांची उपासना कायद्याने बंद होती. 30 मार्चची सुट्टी त्यांची. बाजूने चालत जाताना “मॉर्निंग” म्हणा. खरं तर टॅक्सीत, दवाखान्यात, दुकानात, कुठेही शिरताना म्हणा, नाहीतर तुम्ही उद्धट. रात्री भेटल्यावर “गुड नाइट” म्हणतात, तो निरोप नसतो, दचकू नका.

टोबॅगो वेगळाच. तिथे भारतीय वंशाचे लोक थोडे, मेथडिस्ट, अँग्लिकन, मोरेव्हियन चर्चं जास्त, आणि जुलैत वारशाचा उत्सव. ईस्टरनंतरच्या मंगळवारी बुकूला बकऱ्यांच्या शर्यती असतात, जॉकी दोरी धरून मागे पळतो. मुलांना फार आवडतात. फेरीबोटीची तिकिटं ईस्टरच्या बरीच आधी संपतात, आणि परतीचं तिकीट जातानाच काढा.