जाहिरात नंतर, आधी नकाशावरचं दुकान लावा

नाशिकच्या भांडी बाजारात माझ्या मामांचं तांब्या-पितळेच्या भांड्यांचं दुकान आहे. दोन वर्षांपूर्वी धनत्रयोदशीच्या आठवड्यात पुण्याचं एक कुटुंब गुगल मॅप बघत बघत थेट गोदाघाटावर जाऊन उभं राहिलं. तिथून फोन आला, "अहो, इथे तर नुसत्या पायऱ्या आहेत!" दुकानाची पिन चुकीच्या जागी होती. त्याच महिन्यात मामांनी फेसबुकवर जाहिरातीला पाच हजार रुपये घातले होते. म्हणजे पैसे मोजून गिऱ्हाईक घराबाहेर काढलं आणि नदीवर नेऊन सोडलं.

त्यानंतर आम्ही काय आणि कोणत्या क्रमाने केलं ते सांगतो. तुमचं सातपूरला लेथचं जॉबवर्क असेल किंवा कॉलेज रोडला क्लास असेल, तरी क्रम हाच ठेवा.

आधी चावी ताब्यात घ्या

दुसऱ्या कुणाच्या तरी मोबाईलवर गुगलवर स्वतःच्या दुकानाचं नाव शोधा. आमचं दुकान दोनदा सापडलं. एका ठिकाणी जुना लँडलाइन होता, दुसऱ्या ठिकाणी चुकीची पिन. दुसरं प्रोफाइल, म्हणजे गुगलवरची दुकानाची नोंद, एका मार्केटिंगवाल्याने स्वतःच्या जीमेलवरून काढलेलं होतं. त्याचं काम बंद केल्यावर तो फोनच उचलेना. तो लबाड होता असं मी म्हणत नाही, पण दुकानाच्या शटरची चावी आपण परक्याकडे ठेवतो का?

अशा वेळी त्या प्रोफाइलवरूनच मालकीची मागणी करता येते. ज्याच्याकडे ताबा आहे त्याला उत्तर द्यायला ३ दिवस मिळतात. तो गप्प राहिला, तर बहुतेक वेळा पडताळणी करून ताबा आपल्याकडे घेता येतो. प्रोफाइल नवीन काढत असाल तर दुकानासाठी वेगळं जीमेल खातं उघडा, त्याला मालकाचाच मोबाईल नंबर जोडा आणि बाहेरच्या माणसाला फक्त 'मॅनेजर' म्हणून घ्या. 'ओनर' तुम्हीच राहा. फेसबुक पेज, इन्स्टाग्राम, वेबसाइटचं नाव, सगळीकडे हाच नियम.

पूर्वी पडताळणीसाठी पोस्टाने कार्ड यायचं. आता बहुधा व्हिडिओ मागतात. तो मोबाईलवरच, मध्ये न थांबवता, निदान ३० सेकंदांचा काढायचा. गल्लीपासून सुरुवात करा. शेजारची दुकानं दिसू द्या, मग आपली पाटी, मग कुलूप काढून शटर वर करा आणि गल्ल्यामागे जाऊन बिलबुक दाखवा. आमचा पहिला व्हिडिओ नापास झाला. मामा गिऱ्हाईक आल्यासारखे थेट आत शिरले होते, पाटी कुठे आलीच नव्हती.

नाव, पिन आणि वेळ

नाव पाटीवर आहे तेच टाका. त्याच्या पुढे 'नाशिकमधील सर्वोत्तम होलसेल' वगैरे शेपूट जोडलं तर प्रोफाइल बंद पडण्याची वेळ येऊ शकते. धंद्याचा मुख्य प्रकार एकच निवडता येतो, जोडीला आणखी ९ घेता येतात. सगळे भरायलाच हवेत असं नाही. वर्णनाला ७५० अक्षरांची मर्यादा आहे आणि तेवढी पुष्कळ झाली.

पिन मात्र स्वतः बोटाने ओढून अगदी दाराशी आणा. जुन्या नाशकात दोन गल्ल्यांचा फरक म्हणजे दहा मिनिटांची पायपीट. वर्णनात आम्ही एक वाक्य टाकलं आहे: 'चारचाकी आत येत नाही, रविवार कारंजापासून चालत या.' रस्ता विचारणारे निम्मे फोन या वाक्याने कमी झाले.

सणांच्या वेळा 'विशेष वेळा' या भागात आधीच भरून ठेवा. रंगपंचमीला रहाडी, म्हणजे रंग खेळायचे जुने हौद, उघडतात तेव्हा आमचं दुकान बंद असतं, पण नागपूरच्या माणसाला रहाड काय हे कुठून माहीत असणार? २०२७ च्या सिंहस्थात तर शहराबाहेरची माणसं मोबाईलवरच विसंबून असतील. तेव्हा दुकानाची वेळ बदलली की त्याच दिवशी प्रोफाइलवरही बदला.

'पहिल्या नंबरवर आणून देतो' असे फोन तुम्हालाही येत असतील. जवळपासची दुकानं दाखवताना गुगल तीन गोष्टी बघतं: शोधणाऱ्याच्या शब्दांशी तुमचं दुकान किती जुळतं, ते त्याच्यापासून किती लांब आहे आणि ते किती नावाजलेलं आहे. हा क्रम पैसे देऊन वर नेता येत नाही, असं गुगल स्वतःच सांगतं. दुकान उचलून नेता येत नाही, म्हणून अंतराचं काही करता येत नाही. राहिल्या दोन गोष्टी.

गिऱ्हाइकाचे शब्द चोपडीत

आठवडाभर गल्ल्यावर एक चोपडी ठेवा आणि आत येणारा माणूस पहिलं वाक्य कोणतं बोलतो ते जसंच्या तसं लिहा. आम्ही म्हणतो पातेलं, हंडा, कळशी. नवी मंडळी विचारतात 'नळवाली तांब्याची टाकी आहे का', 'कल्हई केलेली कढई मिळेल का'. घाटावरून येणारे यात्रेकरू हिंदीत 'पूजा का लोटा' मागतात. हेच शब्द वर्णनात, फोटोखाली, पोस्टमध्ये यायला हवेत. काही दिवसांनी प्रोफाइलच्या कामगिरीच्या पानावर लोक कोणते शब्द टाकून तुमच्यापर्यंत आले ते दिसू लागतं. ते चोपडीशी ताडून बघा.

फोटोसाठी फोटोग्राफर नको. पितळेवर फ्लॅश मारला की नुसता पांढरा डाग येतो. सकाळी दाराशी येणाऱ्या उजेडात काढा. भांडं एकटं ठेवलं तर आकार कळत नाही, म्हणून शेजारी हात दिसू द्या किंवा भांडं सरळ काट्यावर ठेवून वजनासकट फोटो घ्या.

रिव्ह्यू

बिल देताना, माल पसंत पडल्याचं चेहऱ्यावर दिसत असताना, तोंडाने मागा. रिव्ह्यूचं पान उघडणारा क्यूआर कोड गल्ल्यापाशी चिकटवा. रिव्ह्यूच्या बदल्यात सूट किंवा भेटवस्तू देणं गुगलच्या नियमात बसत नाही, आणि विकतचे पन्नास रिव्ह्यू तर वाचणाऱ्याला लगेच ओळखू येतात. सगळ्यांची भाषा एकच.

एका बाईंनी एक स्टार देऊन लिहिलं, 'कल्हई महिन्यात गेली.' मामा चिडले. "रिकामी कढई मोठ्या आचेवर ठेवली असणार! लिही त्यांना." मी लिहिलं ते असं: 'ताई, त्रास झाला, माफ करा. कढई घेऊन या, एकदा कल्हई मोफत करून देऊ. रिकामं भांडं आचेवर ठेवलं की कथील वितळतं, ते आम्ही विकतानाच सांगायला हवं होतं.' उत्तर त्या एकट्या बाईंसाठी नसतं, पुढे वाचणाऱ्या सगळ्यांसाठी असतं. आता प्रत्येक कढईत कल्हई जपण्याची चिठ्ठी टाकतो.

व्हॉट्सॲप बिझनेस

वेगळं सिम घ्या, घरच्या नंबरवर धंदा नको. कॅटलॉगमध्ये माल टाका. आमच्याकडे भाव किलोवर आणि तो रोज हलतो, म्हणून कॅटलॉगमध्ये किंमत न टाकता अंदाजे वजन लिहितो. आजचा दर, मजुरी आणि जुनी मोड कोणत्या भावाने घेतो हे झटपट उत्तरात, म्हणजे आधीच लिहून ठेवलेल्या संदेशात, तयार असतं. सकाळी दर बदलला की तेवढं एक उत्तर बदलायचं.

ब्रॉडकास्टचा, म्हणजे एकदम अनेकांना पाठवलेला संदेश ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच पोचतो. म्हणून बिलावर नंबरासोबत 'सेव्ह करा' असं छापून घ्या. आणि रोज सुप्रभात पाठवू नका.

आता जाहिरात

एवढं झाल्यावर पैसे. फेसबुकवर पोस्टखालचं 'बूस्ट'चं बटण दाबून मोकळं होऊ नका. जाहिरातीवर दाबलं की व्हॉट्सॲप उघडेल अशी रचना निवडा, परिसर ठरवा आणि रोजची मर्यादा घाला. बजेटवर १८ टक्के जीएसटी वेगळा धरा. नोंदणी असेल तर जीएसटी क्रमांक जाहिरातीच्या खात्यात आधीच भरा.

उपयोग झाला की नाही, हे लाइकवरून कळत नाही. बिल करताना "कुठून कळलं?" एवढं विचारायचं आणि बिलाच्या कोपऱ्यात एक अक्षर लिहायचं: ग म्हणजे गुगल, ज म्हणजे जाहिरात, ओ म्हणजे ओळखीतून. आमच्या पहिल्या महिन्यात ज चार निघाले आणि ग एकवीस. मामांनी पुढच्या महिन्याची जाहिरात थांबवली आणि त्या पैशांत पाटीवर दिवा बसवून घेतला. संध्याकाळी सातनंतर येणाऱ्यांना पिन सापडायची, पाटी दिसायची नाही.